दरवर्षी 'गॅस कमी झालाय'?
घरचा एसी आणि हीट पंप यांच्या देखभालीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तीन वर्षांचा आहे, गॅस आर-३२. दर मार्चला सर्व्हिसिंगवाला गेज (गॅसचं प्रेशर दाखवणारं घड्याळ) लावतो, 'गॅस कमी झालाय' म्हणतो आणि भरून जातो. एसी एवढा गॅस खातो का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : अजिबात खात नाही. गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तोच तो गॅस तांब्याच्या बंद नळ्यांतून वर्षानुवर्षं फिरत असतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या मार्चपर्यंत पुन्हा जाणारच. दुसरी शक्यता अशी की तो कमी झालेलाच नाही. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो, त्याबरोबर गेजचा काटाही वरखाली होतो. नुसतं प्रेशर पाहून गॅसचं निदान करणं म्हणजे माणसाला जिना चढताना थांबवून नाडी बघण्यासारखं आहे.

आधी घरीच पाहा. फिल्टर धुऊन बसवा, तापमान १८ वर, पंखा जोरात, दारं-खिडक्या बंद. पंधरा मिनिटांनी साध्या थर्मामीटरने एसीत वरून शिरणाऱ्या आणि झडपेतून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. फरक ८ ते १२ अंश असेल तर गॅस भरायला ठाम नकार द्या. फरक कमी असेल तर बाहेरच्या युनिटला जिथे नळ्या जोडल्या आहेत ते पितळी नट बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही झिरपतं, त्यावर धूळ बसते आणि नटाभोवती काळपट, चिकट कडं तयार होतं. तसं कडं दिसलं की गळती बहुतेक तिथेच. साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. नट गरजेपेक्षा जास्त आवळला तरी नळीचं तोंड चिरतं. पाव इंची नटाला १४ ते १८ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो, आणि तो टॉर्क पान्याशिवाय कळत नाही.

गळती निघाली तर कामाचा क्रम असा : उरलेला गॅस काढून घेणं, दुरुस्ती, नायट्रोजन भरून दाबाची चाचणी, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून आतला दाब ५०० मायक्रॉनच्या (निर्वात मोजायचं एकक) खाली नेणं, मग वजनकाट्यावर मोजून गॅस. किती ग्रॅम भरायचा ते बाहेरच्या युनिटच्या पाटीवर छापलेलं असतं. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, म्हणून गॅस आत असताना वेल्डिंगची बत्ती पेटवू देऊ नका. सर्व्हिसवाल्याला फोनवरच विचारा, 'वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप आणणार ना?' उत्तराला उशीर झाला तर दुसरा माणूस शोधा.

प्रश्न : एप्रिल-मेभर एसी छान चालला. पहिला पाऊस पडला आणि दोन दिवसांत इनडोअर युनिटमधून भिंतीवर पाणी. पावसाचं पाणी आत शिरतंय का? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : पावसाचा संबंध आहे, पण वेगळा. पुण्याचा उन्हाळा कोरडा. दुपारच्या हवेत ओलावाच इतका कमी असतो की इनडोअर युनिटमधल्या गार नळ्यांच्या जाळीवर, म्हणजे कॉइलवर, फारसं पाणी जमत नाही. कॉइलखालच्या ट्रेमधला चिकट गाळ या दिवसांत वाळून पापडी धरतो. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच एसी तासाला लिटरभर किंवा जास्तही पाणी काढतो. पापडी फुगते, सुटते आणि ट्रेच्या बारीक तोंडाशी जाऊन अडकते. पाण्याला मग भिंतच उरते.

मेन स्विच बंद करा. खिडकीबाहेर निघणाऱ्या ड्रेन पाइपच्या टोकाला ओलं ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर लावा, सांध्याभोवती ओलं फडकं गुंडाळा आणि एक-दोन मिनिटं ओढा. काळा बुळबुळीत गोळा बाहेर येतो, बघवत नाही. बाहेरून आत फुंकर मात्र मारू नका, सगळा गाळ ट्रेत परत जातो. नंतर ट्रेमध्ये ग्लासभर पाणी हळूहळू ओता. ते मिनिटभरात बाहेर पडलं पाहिजे.

तरी थांबलं नाही तर पाइपचा उतार बघा. मीटरमागे निदान एक सेंटिमीटर हवा आणि मध्ये कुठे झोळ नको. झाडांना पाणी मिळावं म्हणून पाइपचं टोक बादलीत सोडायची आपल्याकडे पद्धत आहे, पण ते पाण्यात बुडालं की हवा कोंडते आणि प्रवाह अडतो. टोक पाण्याच्या वर ठेवा. कॉइलवर बर्फ दिसत असेल तर प्रश्न ड्रेनचा नाही, मळक्या फिल्टरचा किंवा गॅसचा आहे. पुढच्या वर्षी ग्लासभर पाण्याची ही चाचणी मेअखेरीस करा. उन्हाळ्यात फिल्टर दर पंधरा दिवसांनी कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : बंगल्यावर २०० लिटरचा हीट पंप वॉटर हीटर (हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारं यंत्र) आहे. पूर्वी पाणी अडीच-तीन तासांत तापायचं, आता पाच तास लागतात. पाणी टँकरचं आणि बोअरचं. (एक वाचक, वाघोली)

उत्तर : तुमच्या पाण्यातच उत्तर आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. तापलं की ते पांढऱ्या थराने चिकटतात, जुन्या बंबात आजीला खरवडावा लागायचा तोच थर. उष्णता त्यातून पलीकडे जात नाही, गॅसचं प्रेशर वाढतं, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि शेवटी ट्रिप होतो. टीडीएस मीटरवर जाऊ नका, तो पाण्यात विरघळलेलं सगळंच एकत्र मोजतो, कडकपणा म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगळं मोजत नाही. कडकपणा तपासायचं थेंबांचं किट घ्या. पिण्याच्या पाण्याला २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत कडकपणा स्वीकारार्ह मानतात. त्यावर असेल तर हीटरच्या आधी सॉफ्टनर (हे क्षार काढून पाणी मऊ करणारं यंत्र) बसवा.

आत्ताचा थर काढायचा तर यंत्राचा प्रकार पाहा. पाणी पंपाने प्लेट एक्स्चेंजरमधून (गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या पत्र्यांच्या गठ्ठ्यातून) फिरत असेल तर एक्स्चेंजर टाकीपासून वेगळा करून, लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात सायट्रिक अॅसिडचं द्रावण तासभर फिरवतात आणि मग स्वच्छ पाण्याने धुतात. संडास धुण्याचं अॅसिड चुकूनही नको, स्टेनलेस स्टीलला त्याने भोकं पडतात. कॉइल टाकीला बाहेरून गुंडाळलेली असेल तर टाकी उघडून आतून साफ करावी लागते. ते काम कंपनीच्या माणसाकडून करून घ्या.

त्याच वेळी टाकीतला अॅनोड रॉड (धातूची कांडी) काढून बघा. टाकीऐवजी स्वतः झिजण्यासाठीच तो असतो. आतली तार दिसू लागली किंवा जाडी निम्म्यावर आली की बदला. सॉफ्टनर बसवल्यावर तो लवकर झिजतो, म्हणून दर वर्षी बघा. दोन-तीन महिन्यांनी तळाच्या कॉकने बादलीभर पाणी सोडा, आणि येणाऱ्या पाण्याच्या जाळीतला कचरा काढा. सेटिंग ५० ते ५५ वर पुरतं. साठलेल्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा ६० वर न्या.

आणखी एक. वाघोलीला खाणींची आणि बांधकामांची धूळ. यंत्र हवेतूनच उष्णता घेतं, त्यामुळे बाष्पीभवनाची कॉइल धुळीने माखली तरी हाच त्रास होतो. स्विच बंद करून, बागेच्या पाइपने, हलक्या धारेने दर तीन महिन्यांनी धुवा. हिवाळ्यात पहाटेची हवाच गार, तेव्हा थोडा जास्त वेळ लागणारच. टायमर दुपारचा लावा.

प्रश्न : डिसेंबरात एसी हॉट मोडवर लावला की मधूनच वारा थांबतो आणि बाहेरच्या युनिटमधून वाफ येते. बिघाड? (एक वाचक, बाणेर)

उत्तर : नाही. हॉट मोडमध्ये गॅसचं चक्र उलटं फिरतं, बाहेरची कॉइल गार होते आणि तिच्यावर दव-हिम धरतं. ते वितळवण्यासाठी यंत्र थोडा वेळ पुन्हा उलटतं. तेवढ्यात घरात गार वारा येऊ नये म्हणून पंखा थांबतो. पाच-दहा मिनिटांत सुरू झाला नाही, किंवा हे सारखंच होऊ लागलं, तर सर्व्हिसवाल्याला बोलवा.

प्रश्न : आउटडोअर युनिटमागे पारव्यांनी घरटं केलंय. (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : पिल्लं असतील तर उडेपर्यंत थांबा, तोवर त्या खोलीत पंखाच लावा. मग एमसीबी (बोर्डावरचा एसीचा खटका) बंद करा. वाळलेली विष्ठा झाडू नका, धूळ श्वासात जाते. मास्क लावा, पाणी शिंपडून ओली करा आणि मग उचला. पातळ अॅल्युमिनियमच्या पात्या बोटानेही वाकतात, म्हणून मऊ ब्रश वरून खाली फिरवा, आडवा नाही. शेवटी जाळी लावा, पण युनिटच्या अंगाला चिकटवून नाही, वीतभर अंतर सोडून. प्लास्टिकचं कव्हर घालून एसी चालवला तर कॉम्प्रेसर गुदमरतो.