शुश्रूषेतला कान

नर्सिंग महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलंय: ‘होलिस्टिक नर्सिंगवर विद्यार्थिनींसाठी मराठीत पुस्तिका करतोय. नाव “समग्र सुश्रुषा” ठेवावं की “सर्वांगीण परिचर्या”? आणि हेल्थ म्हणजे आरोग्य, वेलनेस म्हणजे स्वास्थ्य, अशी वाटणी केली तर चालेल का?’

होलिस्टिक नर्सिंग म्हणजे नुसत्या रोगाची नव्हे, सबंध माणसाची काळजी. वाटणीचं मागाहून बघू. आधी ते ‘सुश्रुषा’ खोडा. दर १२ मे रोजी परिचारिका दिनाचे फलक लागतात आणि त्यांवर हा शब्द हमखास असा छापलेला असतो. निधनवार्तांमध्येही तेच: ‘पत्नीने अखेरपर्यंत सुश्रुषा केली.’ दादरला शिवाजी पार्काशेजारच्या सहकारी रुग्णालयाचं नावच ‘शुश्रूषा’ आहे. तरी त्यासमोरून रोज जाणारी माणसंसुद्धा ‘सुश्रुषात ॲडमिट केलंय’ असंच सांगतात. माझा संशय सुश्रुतावर आहे. शल्यचिकित्सक म्हणून त्याचं नाव शाळेपासून कानावर असतं, मग दवाखान्याशी संबंधित शब्द म्हटला की तोंडात ‘सुश्रु’ येतं आणि शेपटीला ‘षा’ लागतं. पण सुश्रुत म्हणजे सु अधिक श्रुत. इथे ‘सु’चा काही संबंध नाही.

सेवा, देखभाल, रुग्णाची काळजी हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते उगाळत बसत नाही. गंमत आत आहे. पिपासा, जिज्ञासा, बुभुक्षा, मुमुक्षा हे शब्द ओळीत ठेवा. पिण्याची इच्छा, जाणण्याची इच्छा, खाण्याची इच्छा, सुटण्याची इच्छा. धातूला ‘सन्’ प्रत्यय लागला की पहिलं अक्षर दुणावतं आणि इच्छेचा अर्थ येतो. ‘पा’चं पिपासा, ‘ज्ञा’चं जिज्ञासा, तसं ‘श्रु’चं शुश्रूषा. ऐकण्याची इच्छा! पहिला ‘शु’ हा ‘श्रु’ची दुणावणी आहे, म्हणून तो ‘सु’ होऊच शकत नाही. आणि ‘श्रू’ दीर्घ. एवढं एकदा कळलं की पुन्हा चूक होत नाही.

चिकित्सा हाही शब्द ह्याच साच्यातला, कित् धातूपासूनचा. पण तिथला सन् इच्छेचा नाही, व्याधीचा प्रतिकार ह्या अर्थी आहे, असं वैयाकरण बजावतात. म्हणजे डॉक्टरांच्या शब्दात इच्छा नाही आणि नर्सच्या शब्दात आहे. ह्यावर मी काही बोलणार नाही.

आता कुणी म्हणेल, व्युत्पत्ती ठीक, पण वापर सेवेच्याच अर्थाने होता ना? कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडा. विद्येने कोणाची बुद्धी घडते हे सांगताना तो क्रम लावतो: शुश्रूषा, श्रवण, ग्रहण, धारण, विज्ञान, ऊहापोह, तत्त्वाभिनिवेश. (हो, आपण चहाच्या कपावर करतो तो ऊहापोह ह्याच यादीतला.) इथे शुश्रूषेचा अर्थ सेवा घ्या बरं, पुढच्या श्रवणाशी सांधा जुळतो का बघा. शुश्रूषा पहिली, श्रवण दुसरं. ऐकू येण्याआधी ऐकायची इच्छा लागते, हे त्याने एका समासात सांगून टाकलंय. मनुस्मृतीतही दुसऱ्या अध्यायात एक श्लोक आहे: कुदळीने खणणाऱ्याला जसं पाणी लागतं, तशी गुरूच्या ठायी असलेली विद्या शुश्रूषूला मिळते. खणत राहायचं काम आहे हे. विहिरीच्या काठावर हात जोडून उभं राहण्याचं नाही.

मात्र त्याच मनूने पहिल्या अध्यायात शूद्राचं एकमेव कर्म म्हणून वरच्या वर्णांची ‘शुश्रूषा’ सांगितली आहे, आणि ह्याच आधारावर काही जाणकार सध्या सांगत फिरतात की शुश्रूषा हा गुलामीचा वास येणारा शब्द आहे, नर्सिंगसाठी ‘परिचर्या’च स्वच्छ. ह्या मंडळींनी गीतेचा अठरावा अध्याय शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही. चव्वेचाळिसावा श्लोक: ‘परिचर्यात्मकं कर्म शूद्रस्यापि स्वभावजम्’, म्हणजे परिचर्या हे शूद्राचं स्वभावतःच आलेलं कर्म. घ्या! ज्या डागासाठी शुश्रूषेला घराबाहेर काढता, तोच डाग परिचर्येच्या पदरावर आहे. आणि त्याच अध्यायात तेवीस श्लोक पुढे भगवान बजावतात की हे ज्ञान ‘न चाशुश्रूषवे वाच्यम्’, ज्याला ऐकायचंच नाही त्याला सांगू नकोस. एकाच अध्यायात परिचर्या म्हणजे चाकरी आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची ओढ. मग स्वच्छ शब्द कुठला ठरला?

परिचर्येवर माझा राग नाही. परि अधिक चर्, भोवती फिरणं. म्हणजे वॉर्डातला राउंडच की. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, सेवा करणारा आणि रोगी. त्यातल्या तिसऱ्याला ‘परिचर’ म्हटलंय आणि त्याचे गुण दिलेत: उपचाराची माहिती, दक्षता, रुग्णाविषयी प्रेम, शुचिता. उत्तम यादी आहे. नोंदणी करणाऱ्या परिषदेच्या नावात परिचर्या आहे, पदनामांत अधिपरिचारिका आहे, तिथे ती शोभते. पण होलिस्टिक म्हणायचं आणि शब्दात कान नाही?

ऐकण्यावरून चाकरी कशी आली, हे कळायला संस्कृतही लागत नाही, मराठी पुरते. ‘पोरगा माझं ऐकत नाही’ ह्यात कुणी पोराला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. ऐकणं म्हणजे मुकाट्याने करणं. शुश्रूषाही ह्याच उतारावरून घसरली: ऐकण्याची इच्छा, मग आज्ञापालन, मग सेवा, मग अंगाखालची चादर बदलणं. तेव्हा खरा प्रश्न एवढाच उरतो की नर्सने ऐकायचं कोणाचं? पिढ्यान्‌पिढ्या उत्तर होतं, डॉक्टरांचं. होलिस्टिक नर्सिंगवाले जे म्हणतात ते माझ्या मते इतकंच आहे की कान खाटेकडे वळवा. बाकीचं सगळं, म्हणजे शरीर, मन, घरची परिस्थिती, श्रद्धा, खिडकीतून येणारी हवा, हे त्या ऐकण्यातून हाती लागतं.

हे मी पदरचं सांगत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या १८५९च्या पुस्तकात हवा, उजेड, गोंगाट, जेवण ह्यांच्या जोडीला एक अख्खं प्रकरण आहे, रुग्णाजवळ बसून पोकळ धीर आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर. न ऐकता बोलणाऱ्यांवर. अमेरिकेतल्या मार्गो मॅकॅफरी ह्या नर्सने १९६८ साली वेदनेची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा: भोगणारा जी सांगतो ती वेदना, आणि तो म्हणतो तेव्हा ती असते. यंत्र नाही, तपासणी नाही, रुग्णाचा शब्द प्रमाण. इंग्लंडच्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर. मरणाच्या दारातल्या माणसांशी बोलता बोलता त्यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली. शरीराचं दुखणं, मनाचं, संसाराचं आणि ‘माझ्याच वाट्याला का’ हे दुखणं, सगळं एकाच गाठोड्यात. १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे मरणपंथाला लागलेल्यांचं शुश्रूषागृह, उभं राहिलं ते ह्याच पायावर.

आणि ऐकायला मराठीत काय कमी आहे? कळ येते, ठणका लागतो, सणक जाते, चमक भरते, उसण धरते, मुंग्या येतात, कालवाकालव होते, डोकं जड होतं, जीव घाबरा होतो, तोंडाला चव नसते आणि सगळ्यांचा बाप म्हणजे ‘कसंनुसं होतंय’. केसपेपरवर ह्यातलं निम्मं ‘पेन’ होतं आणि उरलेलं ‘अनइझी’. एका रुग्णालयात केरळहून आलेली एक सिस्टर पाहिली होती. मराठी मोडकं, लिंग-वचनाची दाणादाण. पण खाटेवर वाकून आजींना विचारत होती: ‘आजी, ठणकतो का चमकतो?’ आजी म्हणाल्या, ‘ठणकत न्हाय गं, रातच्याला सणक जाती, मग झोप न्हाय, मग लेकाची काळजी.’ सिस्टरने ‘सणक’ हा शब्द दोनदा पुटपुटून पाठ केला, आणि खाली ‘झोप नाही, मुलगा’ एवढं मल्याळम वळणाच्या देवनागरीत टिपून ठेवलं. शुश्रूषा कशी करतात ते दाखवायला तुमच्या पुस्तिकेत चित्र हवं असेल तर हे काढा. हातात दिवा घेतलेली नाइटिंगेलबाई आता पुरे.

बरं, वाटणी. आरोग्य आणि स्वास्थ्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत आरोग्य म्हणजे निव्वळ रोगाचा अभाव नव्हे असं म्हटलंय. ती घटना १९४८ पासून लागू आहे. तेव्हापासून आपल्याकडे काहींना वाटतं की ‘आरोग्य’ हा शब्दच तोकडा, कारण तो ‘अ-रोग’वरून आलाय. प्रवीण म्हणजे मुळात वीणा वाजवण्यात तरबेज, पण एखाद्या प्रवीण ड्रायव्हरला तुम्ही वीणा कुठे आहे विचारता का? (मग शुश्रूषेच्या वेळी व्युत्पत्ती का काढलीत, असं विचाराल. तिथे वापराचे पुरावे दिलेत, वर पुन्हा वाचा.) स्वास्थ्य हा हिंदीत हेल्थ. मराठीत ‘स्वस्थ बस’ म्हणजे गप बस, आणि अस्वस्थ म्हणजे येरझाऱ्या घालणारा. सुश्रुतसंहितेत स्वस्थ कोण ते सांगताना दोष, अग्नी, धातू, मल ह्यांच्या समतोलाबरोबर आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न हवं असं म्हटलंय. व्याख्या छानच आहे, पण मराठी माणूस विचारतो ‘तब्येत कशी आहे?’ किंवा ‘प्रकृती कशी आहे?’. एक शब्द अरबीतून आलेला, दुसरा संस्कृत, आणि दोन्हींचा मूळ अर्थ स्वभाव! तेव्हा हेल्थसाठी आरोग्य ठेवा, मनाच्या अंगाने बोलाल तिथे स्वास्थ्य. वेलनेसला सरकारने एकदा चांगला शब्द काढला होता: हेल्थ अँड वेलनेस सेंटर म्हणजे आरोग्यवर्धिनी केंद्र. २०२३ला त्याचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, म्हणून शब्द मोकळाच पडलाय, उचला. त्या नावाची आयुर्वेदिक गोळीही मिळते, पण त्याने काही बिघडत नाही.

राहिलं होलिस्टिक. ‘होलिझम’ हा शब्द १९२६ साली यान स्मट्स ह्यांनी रूढ केला. हेच ते दक्षिण आफ्रिकेतले स्मट्स, ज्यांच्यासाठी गांधीजींनी तुरुंगात चपला शिवल्या. तो ग्रीक ‘होलोस’वरून केला, आणि होलोस म्हणजे आपल्या ‘सर्व’चा सख्खा भाऊ. सप्तचं ग्रीकमध्ये जसं हेप्टा, तसा इथेही स जाऊन ह. म्हणून ‘समग्र’ नको, ‘सर्वांगीण’ घ्या. संस्कृत व्याकरणात ‘सर्वाङ्गीण’ म्हणजे सगळं अंग व्यापणारा, आणि काशिकावृत्ती ह्या पाणिनीवरच्या जुन्या टीकेत त्याचं उदाहरण काय दिलंय माहीत आहे? ‘सर्वाङ्गीणः तापः’, अंगभर पसरलेला ताप. नर्सिंगच्या पुस्तिकेसाठी ह्याहून योग्य विशेषण मला तरी सुचत नाही. ‘सर्वांगीण शुश्रूषा’ असं नाव द्या. छापखान्यातला मुलगा ‘श्रू’ ऱ्हस्व करणारच, म्हणून मुद्रित स्वतः तपासा.