बटण दाबण्याआधी

प्रिय बाई,

(आता तूही बाई झालीस, तेव्हा मायना हाच.)

शाळेला इंटरॅक्टिव्ह पॅनेल मिळालं आणि हेडसरांनी ते विज्ञानाच्या वर्गातच बसवून घेतलं, हे वाचून बरं वाटलं. पुष्कळ ठिकाणी ते ऑफिसशेजारच्या खोलीत कुलूपबंद असतं आणि साहेब येणार असले की पुसून चालू करतात. कुठली ॲप घेऊ, कुठले व्हिडिओ लावू असं तू विचारलंस. ते सांगते, पण आधी तू लिहिलेल्या एका वाक्याबद्दल बोलायचंय. ‘व्हिडिओ लावला की वर्ग अगदी शांत बसतो.’ त्या शांततेवर भुलू नकोस.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसतं बघून किती कळतं याचीच तपासणी केली होती. त्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना प्रयोग नुसता करून दाखवला, काहींना दाखवण्याआधी ‘काय होईल?’ याचं उत्तर द्यायला लावलं, काहींना प्रयोग दाखवलाच नाही. नुसतं बघणाऱ्यांना विषय न बघणाऱ्यांपेक्षा फारसा जास्त कळला नव्हता. ज्यांनी आधी अंदाज बांधला त्यांना कळला, आणि त्या अंदाजाला वेळ लागला होता जेमतेम दोन मिनिटं. पॅनेल कितीही महागाचं असू दे, ही दोन मिनिटं खाल्लीस तर मुलं टीव्हीच बघतायत असं समज.

नववीचं धाराविद्युत घे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली ‘फेट’ (PhET) हा प्रकल्प सुरू केला. त्यातली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे आभासी प्रयोग, फुकट आहेत, बरीचशी मराठीतही आहेत. परिपथ जोडायचं सिम्युलेशन उघड. बॅटरी ९ व्होल्टची, बल्बचा रोध १० ओहम. एक बल्ब जोडला की विद्युतधारा मोजणारा अमीटर ०.९० अँपिअर दाखवतो. इथपर्यंत तू कर.

आता पॅनेलकडे पाठ कर आणि खडू घे. फळ्यावर दोन बल्ब एकसर जोडणीत (एकामागे एक) काढ आणि विचार, कुठला जास्त उजळेल, पहिला की दुसरा की दोन्ही सारखे? उत्तर प्रत्येकाने वहीत लिहायचं, तेही पेनने. पेन्सिल दिलीस की निकाल लागताच खोडरबर बाहेर येतो आणि सगळ्या वर्गाचं उत्तर बरोबर निघतं. मग हात वर करायला लावून आकडे फळ्यावर मांड. ‘पहिला’ म्हणणारे भरपूर निघतील, त्यांत पहिल्या पाचातलेही असतील. त्यांचं म्हणणं असं, की पहिला बल्ब वीज खातो आणि उरलीसुरली दुसऱ्याला मिळते. तू ‘हो’ म्हणू नकोस, ‘नाही’ही म्हणू नकोस. भुवयाही जागच्या जागी ठेव, कारण बाईंच्या भुवया वाचण्यात मुलं पटाईत असतात. शेजाऱ्याला पटवून द्यायला वेळ दे. गलका होईल, शेजारच्या वर्गातले सर डोकावतील, डोकावू देत.

एवढं झालं की शेवटच्या बाकावरच्या कुणाला तरी पुढे बोलाव आणि जोडणी त्याच्याकडून करून घे. अमीटर पहिल्या बल्बच्या आधी लावायचा, मग दोघांच्या मधे, मग दुसऱ्याच्या पुढे. तिन्हीकडे ०.४५. इथे ‘बघा, मी म्हणत होते ना’ करू नकोस. ‘मग बल्ब खातो तरी काय?’ एवढंच विचार. हा प्रश्न विद्युतधारेकडून ऊर्जेकडे नेतो आणि अख्ख्या धड्याचं खरं काम तिथे आहे. लगेच समांतर जोडणी घे. आता बरेच जण शहाणे होऊन प्रत्येकी ०.४५ म्हणतील. निघतात प्रत्येकी ०.९० आणि बॅटरीतून १.८०! कुणीतरी नुसत्या वायरने बॅटरीची दोन्ही टोकं जोडेल आणि पडद्यावर बॅटरी पेट घेईल. हसू देत, मग घरातल्या फ्यूजकडे वळ.

सिम्युलेशन कुठे थापा मारतं हेही मुलांना सांगायचं. त्यातले इलेक्ट्रॉन मोजता येतील एवढे थोडे आणि चांगले ठळक आहेत. खऱ्या तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेतून ०.९ अँपिअर जाताना इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही सरकत नाहीत. तरी बटण दाबताच दिवा कसा लागतो, यावर एक तास सहज रंगतो. सिम्युलेशनमधला साधा बल्ब आपला रोध १० ओहमवरून हलू देत नाही. खऱ्या बल्बची तार तापली की तिचा रोध कितीतरी पटींनी वाढतो. आणि पडद्यावर कधीच कनेक्शन ढिलं नसतं. खऱ्या जोडणीत दहातले चार बल्ब लागत नाहीत, आणि का लागत नाही ते शोधण्यात मुलांचा हात तयार होतो.

म्हणून त्याच आठवड्यात खरे सेल आणि टॉर्चचे बल्ब काढायचे. तुला कुणीतरी सांगेल, की आता प्रयोगशाळेची गरज नाही, तसं सिद्धच झालंय. कोलोरॅडोतल्याच संशोधकांचा २००५ सालचा एक अभ्यास आहे खरा. त्यात सिम्युलेशनवर शिकलेले विद्यार्थी नंतर खरा परिपथ जोडण्यातही सरस ठरले. पण ते विद्यापीठातले विद्यार्थी होते, आणि पडताळणी करणारे फेटच्याच घरचे. मी त्यातून एवढंच घेते, की पडदा आधी आणि वायर नंतर हा क्रम बरा.

सगळ्यालाच पडदा नको. दोलक घे. एक मीटर दोऱ्याला दगड बांधला की एक पूर्ण झोका जवळपास दोन सेकंदांचा. छताच्या हुकाला लटकव, मुलं घड्याळ लावतील. हाच दगड चंद्रावर नेला तर? इथे फेटचा दोलक उघड, झोका पाच सेकंदांच्या घरात जातो. त्यात ‘एक्स’ नावाचा एक ग्रह आहे, त्याचं गुरुत्वत्वरण दिलेलं नाही. ते दोलकावरून शोधायला सांग आणि तू खुर्चीत बस.

बाकीचं थोडक्यात. सिम्युलेशन्स डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर ठेव, नेट ऐन तासाला जातं. लाइट गेली तर लॅपटॉप चार्ज केलेला असू दे. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडचे व्हिडिओ वापर, पण निकाल दिसायच्या क्षणभर आधी थांबव. आणि पॅनेलचं पेन तुझ्या हातात कमीत कमी वेळ असावं.

पोर्शन मागे पडेल, अशी तुझी भीती आहे. पडेल थोडा. धातुविज्ञानात भरून काढ, तिथे पडद्यावर फार काही करण्यासारखं मला तरी सापडलेलं नाही.

टॉर्चच्या बल्बचे होल्डर तालुक्याला मिळाले नाहीत तर कळव. माझ्याकडे जुने डबाभर पडलेत. तुझा भाऊ दिवाळीला इकडे येणार आहे ना, त्याच्याबरोबर पाठवते.

तुझी,
बाई