स्लॅब वेळेत व्हावा आणि टीमही टिकावी, यासाठी साइटवर काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की पुनावळ्याच्या साइटवर टीम रोज रात्री उशिरापर्यंत थांबते, तरी स्लॅब मागेच पडतो, आणि दोन ज्युनियर इंजिनिअर सोडून गेले. मी पुण्यात बिल्डिंगच्या कामांचं प्लॅनिंग बघतो. माझं मत स्पष्ट आहे: साइटवरची माणसं जादा कामापेक्षा खोळंब्याने जास्त थकतात. म्हणून आधी खोळंबा शोधा.

तुमचा मागचा स्लॅब आठवा. शटरिंग (काँक्रीटचा साचा) झालं, फिटरने सळयांची खालची जाळी बांधली, लगेच वरचीही बांधली, आणि मग इलेक्ट्रिशियन आला. तो वरच्या जाळीतून हात घालून पाइप सरकवणार, कव्हर ब्लॉक (सळया साच्यापासून वर ठेवणारे छोटे ठोकळे) निसटणार, फिटरला परत बोलवावं लागणार. तेवढ्यात प्लंबर म्हणणार, टॉयलेटच्या स्लीव्हचं (पाइपसाठी स्लॅबमध्ये सोडायच्या भोकाचं) सुधारलेलं ड्रॉइंग आलेलंच नाही. दुपारचा स्लॅब संध्याकाळवर जातो, गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी, म्हणून काँक्रीटचे मिक्सर ट्रक येतात रात्री. ज्युनियर पहाटेपर्यंत काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरजवळ उभा आणि सकाळी नऊला पुन्हा हजर. यात कामचुकार कोणीच नव्हतं. इलेक्ट्रिशियनची पाळी दोन जाळ्यांच्या मध्ये कोणी लावलीच नव्हती.

यावर सगळ्यात उपयोगी पडते ती मुकादमांची आठवड्याची बैठक. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत मांडलेली ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत ती हीच. त्यांनी मोजलं तेव्हा आठवड्याला ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मी वेळेत होत होती. शनिवारी संध्याकाळी शटरिंग, स्टील, इलेक्ट्रिक, प्लंबिंग अशा सगळ्यांना चहाला बसवा. पुढच्या आठवड्यात काय जमेल ते त्यांनीच सांगायचं. माणसं, माल, ड्रॉइंग आणि आधीच्या गँगचं पुरं झालेलं काम, यातलं एक जरी कमी असेल तर ते काम यादीत घ्यायचं नाही. पुढच्या शनिवारी कबूल केलेल्यातलं किती झालं ते मोजा आणि राहिलेल्यापुढे फक्त कारण लिहा, कोणाचं नाव नको. सुरुवातीला सगळे ‘हो जाएगा साहब’ म्हणतील, कारण नाही म्हटलं की बोलणी बसतात हे त्यांना माहीत असतं. ‘नहीं होगा’ म्हणणाऱ्याचं शांतपणे ऐकून घ्या, तिथून खरी माहिती यायला लागते.

आता माणसांचं. चौदाव्या मजल्यावरच्या बिगाऱ्याला लघवीला खाली यावं लागत असेल तर होइस्टच्या (साइटवरच्या लिफ्टच्या) रांगेत वेळ जातो, आणि बाया तर दिवसभर पाणी प्यायचंच टाळतात. दर तीन-चार मजल्यांवर शौचालय आणि प्यायचं पाणी द्या. एप्रिल-मेमध्ये उघड्या स्लॅबवरचं काम सकाळी लवकर सुरू करा, भर दुपारी गँगला सावलीतलं काम द्या. खर्चीचा (मजुरांना आठवड्याला मिळणाऱ्या उचलीचा) वार ठरलेला हवा, तो चुकला की दुसऱ्या दिवशी हजेरी घटते. पन्नासाहून जास्त बाया कामावर असतील तर पाळणाघराची तरतूद १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातच केलेली होती. पुण्यात ‘तारा मोबाइल क्रेशेस’ ही संस्था साइटवर पाळणाघरं चालवते, त्यांच्याशी बोलून बघा.

ज्युनियरांसाठी दोनच गोष्टी, पण काटेकोर. रात्रीच्या स्लॅबला थांबला त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी, तीही मागावी न लागता. आणि पोअर कार्डावर (काँक्रीट ओतायच्या आधीच्या तपासणीच्या कागदावर) सही त्याची असेल तर काम थांबवायचा अधिकारही त्याचाच. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात रात्रीच्या वेळी सळयांची जाळी कोसळून पाच मजूर गेले. जाळीचा आधार तपासायला उजेड लागतो, आणि झोप झालेला माणूस लागतो.

वरिष्ठांकडे जाल तेव्हा शनिवारच्या कारणांचे कागद सोबत न्या. ड्रॉइंग उशिरा येतात हे तोंडी सांगितलं तर सबब वाटते. तेच कारण दर आठवड्याला लिहिलेलं दिसलं की कन्सल्टंटला फोन ते स्वतःच करतात. त्याच बैठकीत छठ आणि होळीचे आठवडे वेळापत्रकात धरून घ्या. बिहार-यूपीकडचे मजूर तेव्हा गावी जाणारच, त्या दिवसांतली स्लॅबची तारीख कोणालाही देऊ नका.