ब्रन्सविकच्या कॉटेजच्या कमानी पाडाव्यात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नच्या ब्रन्सविकमध्ये तुम्ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची विटांची छोटी वर्कर्स कॉटेज घेतली आहे. 1960 च्या दशकात ती एका इटालियन कुटुंबाकडे गेली. त्यांनी पुढे कमानींचा व्हरांडा, भिंतींना सिमेंटचा गिलावा, ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि अंगणभर काँक्रीट करून घेतलं. एजंट म्हणतोय, हे सगळं काढा, मूळ रूप आणा, भाव वाढेल.

माझं मत: कमानींना हात लावू नका. काँक्रीटला लावा, आणि तो सगळ्यात आधी.

मूळ रूप म्हणजे नक्की काय होतं? ही घरं वीटभट्ट्यांत आणि दगडखाणींत राबणाऱ्यांसाठी बांधलेली. रुंदी जेमतेम पाच मीटर, एका कडेने बोळकांडी, लागून दोन खोल्या, मागे उतरत्या पत्र्याखाली स्वयंपाकघर, आणि परसात अगदी टोकाला संडास. मैला मागच्या गल्लीतून उचलून नेत. मेलबर्नमध्ये गटारजोडण्या सुरू झाल्या त्याच मुळी 1897 मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांना परवडलं ते लांबच्या नव्या उपनगरांत गेले, आणि हाउसिंग कमिशन, म्हणजे सरकारी घरबांधणी खातं, शहराजवळच्या जुन्या वस्त्यांना गलिच्छ ठरवून तिथे टॉवर उभारत सुटलं. कार्लटन, फिट्झरॉय, रिचमंडमध्ये ते आजही दिसतात. ऑस्ट्रेलियाने 1951 मध्ये इटलीशी आणि 1952 मध्ये ग्रीसशी स्थलांतराचा करार केला. त्या लाटेत आलेल्या कुटुंबांनी ही नकोशी झालेली घरं विकत घेतली, पै-पै जमवून फेडली आणि आपल्या मनासारखी केली. आज ज्या गल्ल्यांचा वारसा म्हणून उदोउदो चाललाय, तिथल्या कित्येक घरांना त्या काळात वाली मिळाला तो यांच्यामुळे.

व्हरांड्याच्या ओट्यावर पाणी ओतून एकदा नीट बघा. आपल्याकडच्या मोझॅकसारखीच ती टेराझो, पण जागेवर ओतून घासलेली. संगमरवराची खडी, कडेने वेगळ्या रंगाची पट्टी आणि पायरीची धार गोल केलेली. इटलीच्या फ्रिउली भागातले कारागीर यात पिढ्यानपिढ्या वाकबगार. ही फरशी फोडून तिथे काय आणणार? दुकानात तयार मिळणारी ॲल्युमिनियमची 'व्हिक्टोरियन' जाळी? साठ वर्षांची कमान त्यापेक्षा कितीतरी अस्सल.

हे नुसतं माझं हळवेपण नाही. ऑस्ट्रेलियात वारसाजतनाचं काम ज्या बर्रा चार्टरवर चालतं (1979 चा, पुढे सुधारलेला), त्यात स्पष्ट म्हटलंय की वास्तूत वेगवेगळ्या काळांची भर असेल तर एकाच काळाला उठाव देण्यासाठी दुसरा पुसायचा नाही. पुसला जाणारा भाग अगदी किरकोळ महत्त्वाचा आणि उठाव दिला जाणारा फारच महत्त्वाचा असेल, तरच तशी मुभा. प्रत्यक्षात मात्र जुन्या पाहण्यांत अशा घरांना 'फार बदललेलं' म्हणून खालची श्रेणी मिळत आली. म्हणून आधी विकप्लॅनवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन नियोजन नकाशावर, पत्ता टाकून हेरिटेज ओव्हरले (वारसा म्हणून बांधकामावर घातलेलं नियंत्रण) आहे का बघा, आणि असेल तर तिथल्या मेरी-बेक कौन्सिलकडे घराची श्रेणी विचारा. ओव्हरले असेल तर पाडकाम, गिलावा, सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने भिंत साफ करणं), बाहेरून दिसणारे फेरफार, कशालाही परवानगी लागते. आतल्या बदलांना बहुतेक वेळा लागत नाही.

घराचा इतिहास हवा असेल तर स्टेट लायब्ररीच्या साइटवर मेलबर्न अँड मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सचे, म्हणजे शहराचं पाणी आणि गटारं पाहणाऱ्या मंडळाचे, जुने नकाशे आहेत. त्यांत घराची बाह्यरेषा, व्हरांडा, परसातला संडाससुद्धा दिसतो. जोडीला सँड्स अँड मॅकडूगलच्या डिरेक्टऱ्या चाळा. 1974 पर्यंत त्या निघत होत्या आणि त्यांत रस्त्यावार रहिवाशांची नावं आहेत. इंग्रजी आडनावं जाऊन इटालियन, ग्रीक कधी आली ते ओळीओळीने कळतं.

आता काँक्रीट. ते बहुधा थेट भिंतीला भिडवलेलं असेल, आणि तिथेच खरी गोम आहे. या घरांची जमीन लाकडी फळ्यांची. खाली हवा खेळावी म्हणून जोत्यात लहान जाळ्या ठेवलेल्या असतात. काँक्रीट चढत चढत त्यांच्यावर गेलं की खालची लाकडं कुजतात, भिंतीला ओल धरते, आणि लोक रंगाऱ्याला बोलावतात! भिंतीलगतची पट्टी कापून घ्या, पातळी जाळ्यांच्या खाली उतरवा, तिथे खडी भरा. बाकी अंगण राहू दे.

गिलावा मात्र ओरबाडू नका. जुन्या विटा मऊ, सिमेंट कडक; सोलताना विटेची भाजलेली कातडीही निघून येते, आणि मग पुन्हा गिलावाच करावा लागतो. पोकळ वाजतो तेवढाच भाग काढा. छपराच्या कडेखालचे आणि बाथरूमचे पत्रे तपासणी होईपर्यंत फोडू नका. ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आली ती 31 डिसेंबर 2003 ला, त्याआधीच्या पत्र्यांचा भरवसा नाही.

खिडक्या बदलायच्या तर बदला, त्या मीही वाचवणार नाही. फक्त ॲल्युमिनियम बसवताना भोक रुंद केलं होतं का ते आतून बघा. केलं असेल तर लाकडी सरकत्या खिडकीसाठी बाजू पुन्हा बांधून घ्याव्या लागतील, आणि खर्च तिथेच जातो. मागच्या शेडमधलं दुसरं स्वयंपाकघर टोमॅटोचा सॉस शिजवून वर्षाच्या बाटल्या भरायला केलेलं असणार. आपल्याला मासे तळायला ते आयतंच मिळालंय, ते कोण पाडतं!

जाळ्या सापडल्या की दोन्ही बाजूंच्या भिंतींचे फोटो इथेच टाका. किती खाली उतरायचं ते बघून सांगतो.