माणसं ताळेबंदात का दिसत नाहीत?

प्रश्न : आमची पुण्यात २५ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. प्रशिक्षणावर वर्षभरात ९ लाख रुपये गेले. आमची खरी मालमत्ता माणसंच; तरी सीए म्हणतात, सगळा खर्च नफ्यातून वजा होणार. असं का? आणि शिकवलेला माणूस सोडून गेला तर?

उत्तर : सीए बरोबर सांगताहेत. लेखा मानक २६ प्रमाणे, मालमत्ता म्हणायची तर तिच्यावर ताबा हवा. माणूस नोटीस देऊन कधीही जाऊ शकतो, म्हणून प्रशिक्षण त्याच वर्षीचा खर्च. मात्र याच माणसांनी तुमचं स्वतःचं सॉफ्टवेअर उभारलं, तर संशोधन संपून विकास सुरू झाल्यानंतरचे त्यांचे पगार निकषांत बसल्यास अमूर्त (हाताला न लागणाऱ्या) मालमत्तेत धरता येतात. लहान कंपन्या अडकतात त्या टाइमशीटवर, म्हणजे कोणी कोणत्या कामावर किती तास घालवले या नोंदीवर. मार्चअखेर आठवून भरलेले तास ऑडिटरला पटणं कठीण.

माणसांचं मोल आकड्यात मांडणारं लेव्ह-श्वार्ट्झ सूत्र १९७१चं. पुण्यातच सुरू झालेली इन्फोसिस त्यावरून काढलेले आकडे वार्षिक अहवालात पुरवणी माहिती म्हणून देत असे. निवृत्तीपर्यंतचा पगार आजच्या किमतीत आणायचा : वर्षाला ६ लाख, १० वर्षं, १२ टक्के दर, तर सुमारे ३३.९ लाख. गंमत अशी, की पगार वाढवला की मोलही वाढतं, काम तेवढंच असलं तरी! कर्जासाठी बँकेत हा आकडा नेऊ नका.

‘सोडल्यावर स्पर्धकाकडे जाणार नाही’ ही अट करार कायद्याच्या कलम २७पुढे टिकत नाही. प्रशिक्षणाचा बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याची हमी, टिकू शकतो. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेची ‘३ वर्षं नोकरी करा किंवा २ लाख भरा’ ही अट मान्य केली; पण ती सरकारी बँक, भरतीचा खटाटोप मोठा. तुम्ही प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या ठेवा आणि रक्कम दरमहा उतरती लिहा. १,८०,००० रुपये आणि १८ महिने असतील, तर ११ महिन्यांनी जाणाऱ्याकडे ७०,००० उरतात. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नका.

कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचाच. फ्रीलान्सरचा तसा नाही. त्याच्याकडून कॉपीराइटचं लेखी हस्तांतर घ्या आणि त्यात मुदत व प्रदेश नक्की घाला. नाहीतर कायदा ५ वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो.