आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेलाय, बाबांचं ऑपरेशन होणार नाही म्हणतात. थेट लिव्हरमध्ये केमो देतात असं ऐकलं, खरं आहे का?

हो, देतात. मी डॉक्टर नाही, ऐरोलीत राहते, आईचं हेच सगळं केलंय म्हणून सांगते.

आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी लिव्हरमध्येच येतं, म्हणून हा कॅन्सर तिकडे जास्त पसरतो. चांगल्या लिव्हरला साधारण पाऊण रक्त याच व्हेनमधून मिळतं, पण गाठी मात्र मुख्यतः हिपॅटिक आर्टरीवर, म्हणजे लिव्हरच्या धमनीवर जगतात, म्हणून औषध त्या आर्टरीतूनच सोडतात. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून इरिनोटेकान हे केमोचं औषध भरलेले अगदी बारीक मणी गाठीपर्यंत नेतात, रक्तही अडतं आणि औषधही तिथेच हळूहळू सुटतं. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅनवर बघत नळीने उपचार करणारे डॉक्टर, करतात हे. आईला नंतर तीन दिवस ताप, मळमळ आणि उजव्या कुशीत खूप दुखत होतं, त्याची तयारी ठेवा.

पण याने फक्त लिव्हरमधलं सांभाळलं जातं. आईच्या गाठी आकसल्या आणि नंतर फुफ्फुसात दिसलं, म्हणून नेहमीची केमो, ते ४६ तासांच्या पंपवालं फॉलफॉक्स किंवा फॉलफिरी, हाच मुख्य आधार असतो आणि मणी बहुतेक वेळा त्याचा उपयोग कमी झाल्यावर येतात.

आणखी एक, 'टार्गेटेड' शब्दाने आमचा फार गोंधळ झाला. एका प्रायव्हेट हॉस्पिटलात टार्गेटेड देऊ म्हणाले, आम्हाला वाटलं थेट लिव्हरमध्ये, ते होतं सेटुक्सिमॅब, सलाईनसारखं शिरेतून, म्हणजे सगळ्या अंगात जाणारं, आणि आर.ए.एस. जीनमध्ये म्युटेशन असेल तर ते चालतच नाही. कोणीच नीट समजावलं नाही याचा मला अजून राग येतो. म्हणून आर.ए.एस., बी.आर.ए.एफ. आणि एम.एस.आय. या गाठीच्या तुकड्यावर होणाऱ्या जीनच्या टेस्ट झाल्यात का ते आजच विचारा, एम.एस.आय. हाय आलं तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचा रस्ता उघडतो.

आणि हो, ऑपरेशन होणार नाही म्हणजे आत्ता नाही की कधीच नाही? केमोने गाठी लहान होऊन काही जणांचं नंतर ऑपरेशन होतं, त्यामुळे हे लिव्हरच्या सर्जनलाच विचारा, एकट्या केमोवाल्या डॉक्टरांवर सोडू नका. खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर हॉस्पिटल आहे, सेकंड ओपिनियन घ्या. जाताना बायोप्सीच्या स्लाइड, ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि सीटीची सीडी न्या, आम्ही एकदा नुसते कागदी रिपोर्ट घेऊन गेलो आणि आईला तशा अवस्थेत परत न्यावं लागलं.