'ट्वेल्व्ह अँग्री मेन' या हॉलिवूडपटात शेवटपर्यंत अडून बसणारा तो ज्युरर (खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा पंचांपैकी एक) कोण? त्याने आणखी काय केलंय?

तो ली जे. कॉब. मुलासोबतचा फोटो रागाने टराटरा फाडतो आणि दुसऱ्या क्षणी ढसाढसा रडतो, तोच. (हिंदी रिमेक 'एक रुका हुआ फैसला'त ही भूमिका पंकज कपूरने केली.)

पण मूळ गडी रंगभूमीचा, न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटरमधला. 1949 मध्ये ब्रॉडवेवर 'डेथ ऑफ अ सेल्समन' नाटकाचा नायक विली लोमन पहिल्यांदा यानेच उभा केला. पात्र त्रेसष्टचं, हा सदतिसाचा! सिनेमातही कायम वयापेक्षा थोराडच दिसला. ऑस्करची नामांकनं दोन, 'ऑन द वॉटरफ्रंट' आणि 'द ब्रदर्स करमाझोव्ह'साठी. पुरस्कार एकदाही नाही. 1953 मध्ये अमेरिकी संसदेच्या कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीपुढे त्याने कम्युनिस्ट म्हणून सहकाऱ्यांची नावं सांगितली, तो डाग मात्र राहिलाच. 'द एक्झॉर्सिस्ट'मधला पोलीस अधिकारीही तोच.